परदेशात मास्टर्स: या चुका टाळा, आणि झाल्याच तर वेळीच सावरा

परदेशातील मास्टर्सचा अभ्यासक्रम वरवर पदवीसारखा दिसत असला, तरी त्याची मुदत फार आखूड असते. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तो बहुधा एका वर्षात संपतो, तर अमेरिका, कॅनडा किंवा जर्मनीत दीड ते दोन वर्षांत. पदवीच्या तीन-चार वर्षांत एखादे सत्र वाया गेले तरी पुढे ते भरून काढता येते. मास्टर्समध्ये मात्र पहिले सत्र म्हणजेच कधीकधी निम्मा अभ्यासक्रम असतो. त्यामुळे या वाटेवरच्या चुकांचे दोन प्रकार आधीच ओळखून ठेवलेले बरे. काही चुका थोड्या धावपळीने आणि थोड्या खर्चाने दुरुस्त होतात. काहींची तारीख एकदा उलटली की विद्यापीठालाही काही करता येत नाही. विद्यार्थ्यांची झोप उडते ती बहुतेक वेळा पहिल्या प्रकाराने, म्हणजे मुलाखतीत अडखळल्याने किंवा एखाद्या विषयात कमी गुण पडल्याने. दुसऱ्या प्रकारच्या चुका कागदोपत्री आणि किरकोळ वाटतात, आणि म्हणूनच त्या होतात.

अभ्यासक्रमाच्या नावावर जाणे

पदवीचे नाव फसवे असते. स्कॉटलंडच्या चार जुन्या विद्यापीठांत एमए ही कला शाखेची पहिली पदवी आहे, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिजमध्ये बीए झालेल्या विद्यार्थ्याला काही वर्षांनी वेगळी परीक्षा न देताच एमए मिळते. ही उदाहरणे गमतीची असली तरी नावाखाली काय दडले आहे हे पाहण्याची सवय त्यांवरून लागावी. एकाच शीर्षकाचा अभ्यासक्रम एका ठिकाणी गणिताने भरलेला असतो, दुसऱ्या ठिकाणी तो शाखा बदलून येणाऱ्यांसाठी पायापासून शिकवला जातो. ज्याने तोच विषय चार वर्षे शिकला आहे त्याचे तिथे वर्ष फुकट जाते. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर हे कळत नाही. विषयांची सविस्तर पुस्तिका, कोणते विषय सक्तीचे आहेत, प्रबंधाला किती क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) आहेत आणि मागील वर्षी ऐच्छिक विषयांपैकी प्रत्यक्षात कोणते शिकवले गेले, हे वाचूनच निर्णय घ्यावा.

क्रेडिटांचा हिशेबही येथेच करावा. युरोपात १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर जी क्रेडिट पद्धत सर्वत्र रुळली, तिच्यात पूर्ण वर्षाला ६० क्रेडिट धरतात आणि जर्मनीतील दोन वर्षांची मास्टर्स त्यामुळे १२० क्रेडिटांची होते. ब्रिटनची एका वर्षाची मास्टर्स तिथल्या मोजणीने १८० क्रेडिटांची, म्हणजे युरोपीय मोजणीने ९० क्रेडिटांची असते. नोकरीसाठी हा फरक सहसा आड येत नाही. पुढे पीएचडी करण्याचा विचार असेल तर मात्र युरोपातील काही विद्यापीठे १२० पेक्षा कमी क्रेडिटांची मास्टर्स प्रवेशाला पुरेशी मानत नाहीत, हे अर्ज करण्यापूर्वीच तपासलेले चांगले.

अमेरिकेच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे, जो फार थोडे विद्यार्थी वेळेवर पाहतात. तिथे प्रत्येक अभ्यासक्रमाला सीआयपी नावाचा सांकेतिक क्रमांक असतो आणि तो विद्यापीठाने विद्यार्थी व्हिसासाठी दिलेल्या आय-२० या कागदावर छापलेला असतो. पदवीनंतर कामाची परवानगी बारा महिन्यांची मिळणार की विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सवलतीमुळे आणखी चोवीस महिने वाढणार, हे या क्रमांकावर ठरते. सर्वसाधारण अर्थशास्त्राचा क्रमांक त्या यादीत नाही. अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्राचा आहे. दोन विद्यापीठांचे अभ्यासक्रम जवळजवळ सारखे असून एकाचा पदवीधर तीन वर्षे काम करू शकतो आणि दुसऱ्याचा एकच वर्ष, असे यातूनच घडते. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाला एक ईमेल करून हा क्रमांक विचारता येतो, आणि असे विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

परवान्यावर चालणाऱ्या व्यवसायांत नुसती पदवी पुरत नाही. कायद्याची एलएलएम घेतलेल्या परदेशी वकिलाला अमेरिकेत न्यूयॉर्कसारख्या काही मोजक्याच राज्यांत वकिलीच्या परीक्षेला बसण्याची वाट खुली होते. मानसशास्त्र, वास्तुकला आणि परिचर्या या क्षेत्रांतही पदवीला संबंधित व्यावसायिक संस्थेची मान्यता आहे का, हा प्रश्न आधी येतो आणि विद्यापीठाचा नावलौकिक नंतर.

जुन्या माहितीवर बेत आखणे

दोन वर्षांपूर्वी गेलेल्या ओळखीच्या व्यक्तीचा सल्ला प्रामाणिक असतो, पण तो शिळा असू शकतो. स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क लावले. त्यापूर्वी या तिन्ही देशांत सरकारी विद्यापीठांचे शिक्षण त्यांना विनाशुल्क होते. 'जर्मनीत शुल्क नसते' हे वाक्यही आता पूर्णपणे खरे राहिलेले नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून अशा विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून त्याहून बरेच अधिक शुल्क सुरू केले. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या शिकवणीप्रधान मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदार किंवा मुलांना आश्रित म्हणून सोबत नेता येत नाही. कॅनडाने झटपट व्हिसाची एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद केली.

या लेखातील आकडेही याच न्यायाने वाचावेत. इथून समजून घ्यायचे ते नियमाचे स्वरूप. आजचा आकडा अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरूनच घ्यावा आणि त्या पानाची प्रत दिनांकासह जपून ठेवावी.

अर्जाची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे

एजंटाची मदत घेणे ही चूक नव्हे. आपल्या अर्जाचे खाते एजंटाच्या ईमेलवर उघडू देणे ही मात्र मोठी चूक आहे, कारण मग विद्यापीठाचे प्रत्येक पत्र आधी त्याच्याकडे जाते, आणि त्याला कमिशन देणारी विद्यापीठे आपल्याला योग्य असणाऱ्या विद्यापीठांपेक्षा वेगळी असू शकतात. कॅनडात २०२३ मध्ये असे विद्यार्थी समोर आले की ज्यांची प्रवेशपत्रेच बनावट होती. त्यांतील अनेकांना ते वर्षानुवर्षे ठाऊक नव्हते. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची पडताळणी तिथले इमिग्रेशन खाते थेट संस्थेकडून करून घेऊ लागले. खाते एजंटाच्या ईमेलवर आधीच उघडले गेले असेल, तर विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला स्वतः लिहून संपर्काचा ईमेल बदलून घ्यावा आणि प्रवेशपत्राची खातरजमा त्याच पत्रात मागावी. एवढे केल्याने प्रवेश रद्द होत नाही, एजंट काहीही सांगो.

संस्था खरी आहे का हे पाहण्यासाठी सरकारी याद्या असतात: ब्रिटनमध्ये परवानाधारक प्रायोजकांची नोंदवही, कॅनडात मान्यताप्राप्त संस्थांची डीएलआय यादी, ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या अभ्यासक्रमांची क्रिकॉस नोंदवही. मात्र यादीत नाव असणे ही पहिली पायरी झाली, शेवटची नव्हे. मिशिगन राज्यातील 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' सरकारी यादीत होती, आणि ती अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याने सापळा म्हणून स्वतःच उभी केलेली बनावट संस्था होती. २०१९ मध्ये हे उघड झाले तेव्हा तिथे नाव नोंदवलेल्या शेकडो विद्यार्थ्यांचा व्हिसा दर्जा संपुष्टात आला. त्या संस्थेत वर्ग भरत नव्हते आणि प्राध्यापकही नव्हते. जिथे वेळापत्रक नाही आणि पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ कामाचे आश्वासन आहे, तिथे यादी बघण्याचीही गरज नसते.

एसओपी आणि शिफारसपत्रे

एकच एसओपी, म्हणजे अभ्यासामागचा हेतू सांगणारे निवेदन, दहा विद्यापीठांना पाठवण्याची चूक सगळे सांगतात, आणि तरीही ती सगळे करतात. प्रवेश समितीला अर्जदाराचे बालपण नको असते. या विषयात त्याने आजवर काय केले, कुठे अडला आणि याच अभ्यासक्रमातील कोणत्या गोष्टीने ती अडचण सुटेल, एवढे तिला वाचायचे असते. शिफारसपत्राच्या बाबतीत मोठ्या पदाच्या माणसापेक्षा आपले काम प्रत्यक्ष पाहिलेला माणूस चांगला, आणि त्याचा ईमेल संस्थेचा असावा, कारण वैयक्तिक ईमेलवरून आलेली पत्रे अनेक विद्यापीठे स्वीकारत नाहीत. शिफारस करणाऱ्याला किमान दीड महिना द्यावा. त्याने शेवटच्या आठवड्यापर्यंत पत्र पाठवले नसेल तर नम्रपणे आठवण करून द्यावी आणि त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीचे नाव तयार ठेवावे. बहुतेक अर्जप्रणालींत मुदत संपण्याआधी नाव बदलता येते, नंतर येत नाही.

आयईएल्टीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षे चालतात, जीआरई या प्रवेश परीक्षेचे पाच वर्षे. ही दोन वर्षांची मर्यादा लक्षात ठेवावी, कारण लेखाच्या शेवटी ती पुन्हा आड येणार आहे.

शिष्यवृत्तीचे वर्ष चुकणे

प्रवेश मिळाल्यावर शिष्यवृत्ती शोधायला लागणे हा सर्वांत महाग पडणारा क्रम आहे. ब्रिटिश सरकारच्या शेवनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी बंद होतात, युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडसचे बरेचसे ऑक्टोबर ते जानेवारी या काळात घेतले जातात, आणि अनेक विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांसाठी प्रवेशअर्जच एका लवकरच्या तारखेआधी पोहोचलेला लागतो. ही तारीख चुकली तर दाद मागायला जागा नसते. एक वर्ष थांबणे किंवा स्वतःच्या पैशाने जाणे, एवढेच मार्ग उरतात. माझ्या मते ज्याला नोकरी आहे त्याने अशा वेळी वर्षभर थांबण्याचा विचार गंभीरपणे करावा. शेवनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच, त्यामुळे ते वर्ष वाया जातही नाही.

शिष्यवृत्तीच्या अटी वाचल्याशिवाय सही करू नये. शेवनिंगच्या विद्यार्थ्याने पदवीनंतर किमान दोन वर्षे मायदेशी परतणे बंधनकारक आहे. अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तिथे गेलेल्या विद्यार्थ्यालाही मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट लागू होते आणि ती पूर्ण होईपर्यंत एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. तिथेच स्थायिक होण्याचा बेत असणाऱ्याने या शिष्यवृत्तीकडे केवळ पैसा म्हणून पाहिले, तर त्याचा हिशेब दोन वर्षांनी चुकतो.

अमेरिकी विद्यापीठाने अर्थसाहाय्यासह प्रवेश दिला आणि आठ दिवसांत उत्तर मागितले, तर घाबरून होकार देण्याआधी ते विद्यापीठ १५ एप्रिलच्या ठरावावर सही केलेल्यांपैकी आहे का हे पाहावे. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या या ठरावानुसार अर्थसाहाय्याच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे विद्यार्थ्यावर बंधन नसते. ठरावाचा सभ्य भाषेत उल्लेख केला की मुदत बहुधा वाढवून मिळते.

पैसे आहेत, पण नियमात बसत नाहीत

व्हिसा नाकारला जाण्यामागे पैशाची कमतरता असतेच असे नाही. पुष्कळदा पैसा चुकीच्या खात्यात किंवा चुकीच्या तारखेला असतो. ब्रिटनच्या नियमानुसार आवश्यक रक्कम सलग २८ दिवस खात्यात राहावी लागते आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या दिवसापासून मागे ३१ दिवसांच्या आत असावा लागतो. मधल्या एका दिवशी शिल्लक थोडी जरी खाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पैसे स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा आईवडिलांच्या अथवा कायदेशीर पालकाच्या खात्यात असावे लागतात. काकांच्या किंवा भावाच्या खात्यातील रक्कम, ती कितीही मोठी असली तरी, धरली जात नाही. आईवडिलांचे खाते दाखवायचे असेल तर नात्याचा पुरावा आणि त्यांचे संमतीपत्र सोबत लागते. अर्ज नाकारला गेला तर पुन्हा अर्ज करता येतो, मात्र वापरलेला सीएएस क्रमांक (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला प्रवेशनिश्चितीचा क्रमांक) पुन्हा चालत नाही आणि नवा देण्यास विद्यापीठ बांधील नसते. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी बँकेचे विवरणपत्र दिवसागणिक तपासणे हे कंटाळवाणे काम स्वतःच करावे.

जर्मनीची अडचण वेगळी आहे. तिथे सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो बंद (ब्लॉक्ड) खात्यात ठेवावे लागतात आणि त्यांतून महिन्याला ९९२ युरोच बाहेर पडतात. पहिल्या महिन्यात मात्र घराची अनामत, भाडे, आरोग्यविमा आणि सत्राचे वर्गणीशुल्क एकदमच समोर येते, शिवाय खाते सुरू होण्यासही काही दिवस जातात. खात्यात वर्षभराचे पैसे असूनही हातात पैसे नाहीत, अशी विचित्र अवस्था अनेकांच्या वाट्याला येते. बंद खात्याबाहेर दोन-तीन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवणे हा यावरचा साधा उपाय. तो केला नसेल तर एक गोष्ट माहीत असावी: जर्मन कायद्यानुसार घराची अनामत मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक असू शकत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. घरमालक हे आपणहून सांगत नाही.

घर न पाहता पैसे पाठवणे

घरटंचाई असलेल्या शहरांत भाड्याच्या नावाखाली फसवणूक नेहमीची आहे. छायाचित्रे सुंदर, भाडे बाजारभावाहून कमी, मालक 'सध्या परदेशात', आणि चावी कुरियरने येणार असेल, तर ते घर बहुधा अस्तित्वातच नसते. पहिले दोन-तीन आठवडे वसतिगृहात किंवा तात्पुरत्या खोलीत काढून मग घर पाहणे महाग वाटते, तरी ते एका बुडालेल्या अनामतीपेक्षा स्वस्तच पडते. पैसे पाठवून झाले असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवावे, कारण व्यवहार थांबवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते, आणि त्यानंतर पोलिसांत तक्रार द्यावी.

जर्मनीत तात्पुरती खोली घेतानाही मालक राहण्याचे लेखी प्रमाणपत्र देणार का हे विचारावे. नव्या पत्त्यावर आल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात नोंदणी करावी लागते, आणि या प्रमाणपत्राशिवाय ती होत नाही. नोंदणी अडली की निवास परवाना आणि कर क्रमांक हेही त्यामागोमाग अडतात.

रिकाम्या वेळापत्रकाचा चुकीचा अर्थ लावणे

पहिल्या आठवड्यात वेळापत्रक हाती येते तेव्हा आठवड्याला दहा-बारा तासच वर्ग दिसतात आणि उरलेला वेळ मोकळा असल्याचा समज होतो. युरोपीय पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे काम. पाच क्रेडिटांच्या विषयाला १२५ ते १५० तास अपेक्षित असतात आणि त्यांतील वर्गातले तास पाव हिश्शाच्या आसपासच भरतात. बाकीचे वाचन, लेखन आणि प्रयोग यांचे. हा मोकळा दिसणारा वेळ अर्धवेळ कामाने भरून टाकला की सातव्या-आठव्या आठवड्यात तीन निबंध आणि एक सादरीकरण एकदम अंगावर येते.

दुसरा धक्का गुणांचा असतो. ब्रिटनमध्ये मास्टर्सला ५० गुणांना उत्तीर्ण, साधारण ६० च्या पुढे मेरिट आणि ७० च्या पुढे डिस्टिंक्शन धरतात, आणि ८० च्या पुढचे गुण दुर्मीळ असतात. जर्मनीत १.० हे सर्वोत्तम आणि ४.० हे काठावरचे उत्तीर्ण. ज्याला आजवर नव्वदीची सवय आहे त्याला ६४ गुण पाहून आपण नापास झालो असे वाटते, आणि तो चुकीच्या गोष्टी सुधारू लागतो.

मी स्वतः पहिला निबंध लिहिला तेव्हा त्यात वीस लेखांचे सार नीट मांडले होते आणि मला त्याचा अभिमानही होता. परत आलेल्या प्रतीवर प्राध्यापकांनी समासात एकच प्रश्न लिहिला होता: यात तुमचे म्हणणे कोणते? पाठांतरावर आणि अचूक पुनर्कथनावर गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न समजायलाच वेळ लागतो. कोणत्या अभ्यासकाने काय म्हटले हे सांगून थांबायचे नसते. त्यांच्यातील मतभेद कुठे आहे, पुरावा कोणाच्या बाजूने अधिक आहे आणि का, हे ठरवून लिहायचे असते. हे एका सत्रात शिकता येते, पण त्यासाठी पहिला निबंध परत आल्याबरोबर प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन शेरे समजून घ्यावे लागतात. अनेक विद्यार्थी त्या तासाला जातच नाहीत, कारण शिक्षकाकडे जाणे म्हणजे आपली उणीव कबूल करणे असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात तो तास वेळापत्रकात विद्यार्थ्यांसाठीच राखलेला असतो.

वाङ्मयचौर्य: हेतू नसतानाही होणारे

दुसऱ्याचा परिच्छेद शब्द बदलून लिहिणे, उद्धृताचा स्रोत न देणे, मित्रासोबत मिळून सोडवलेले वैयक्तिक गृहपाठ स्वतंत्र म्हणून देणे आणि स्वतःचाच जुना निबंध पुन्हा वापरणे, हे सर्व या सदरात येते. यांतील शेवटची बाब ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. मजकूर पडताळणाऱ्या टर्निटिनसारख्या प्रणालीतील साम्याची टक्केवारी हा निकाल नसतो. संदर्भसूची आणि योग्य उद्धृतांमुळे वीस टक्के साम्य असलेला निबंध निर्दोष असू शकतो, आणि चार टक्के साम्य असलेल्या निबंधातील एक उचललेला परिच्छेद चौकशीला पुरतो. एआय साधनांबाबत प्रत्येक विषयाचा नियम वेगळा असू शकतो. एका प्राध्यापकांनी चालवून घेतलेली गोष्ट दुसऱ्यांच्या विषयात गैरवर्तन ठरते, म्हणून तो नियम विषयागणिक लेखी पाहावा.

पैसे देऊन निबंध लिहून घेण्याचा तर विचारही करू नये. अशी सेवा पुरवणे ऑस्ट्रेलियात २०२० च्या आणि इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. शिवाय असे व्यवसाय नंतर त्याच विद्यार्थ्याला धमकावून पैसे उकळतात, असा इशारा तिथल्या नियामकांनीच दिलेला आहे. आरोप झालाच आणि तो चुकीचा असेल, तर निबंधाचे कच्चे मसुदे, टिपणे आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्या हा उत्तम बचाव असतो. त्यासाठी पहिल्या दिवसापासून बदलांचा इतिहास साठवणाऱ्या प्रणालीतच लिहावे. चौकशीला एकट्याने जाऊ नये. बहुतेक विद्यार्थी संघटनांकडे अशा वेळी सोबत बसणारा सल्लागार असतो.

परीक्षा: नोंदणी आणि आजारपण

जर्मनीत विषय शिकला म्हणजे परीक्षेला नाव लागले असे होत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिची मुदत परीक्षेच्या कित्येक आठवडे आधी संपते. अनेक अभ्यासक्रमांत एका परीक्षेचे तीनच प्रयत्न मिळतात. तिसऱ्यांदा नापास झाल्यास प्रवेश रद्द होतो आणि तोच अभ्यासक्रम देशातील दुसऱ्या विद्यापीठात शिकण्याची वाटही बहुधा बंद होते. दोनदा नापास झालेल्याने तिसरा प्रयत्न घाईने देऊ नये; आधी विषय-सल्लागाराला भेटावे.

आजारी असताना हिमतीने परीक्षेला बसणे हीदेखील चूकच. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत परीक्षेला बसणे म्हणजे आपण तंदुरुस्त असल्याचे जाहीर करणे समजले जाते, आणि नंतर आणलेले वैद्यकीय प्रमाणपत्र मग उपयोगी पडत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि विशेष परिस्थितीचा अर्ज मुदतीत करावा.

अमेरिकेत एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याने विषय झेपत नाही म्हणून तो परस्पर सोडला आणि क्रेडिट पूर्णवेळाच्या मर्यादेखाली गेले, तर व्हिसाचा दर्जा मोडतो. आंतरराष्ट्रीय कार्यालयाची आधी परवानगी घेतली असती, तर हेच काम काही विशिष्ट कारणांसाठी नियमात बसले असते. चूक होऊन गेली असेल तर दर्जा पुन्हा मिळवण्यासाठी अर्ज करता येतो, आणि तो सर्वसाधारणपणे पाच महिन्यांच्या आत करावा लागतो. ही गोष्ट लपवत राहिल्याने ते महिनेच हातातून जातात. नेदरलँड्समध्ये वर्षाच्या निम्म्याहून कमी क्रेडिट मिळाल्यास विद्यापीठाला ते इमिग्रेशन खात्याला कळवावे लागते. आजारपण किंवा कौटुंबिक संकटासारखे कारण असेल, तर ते वर्ष संपण्याआधी सल्लागाराकडे नोंदवलेले असावे.

कामाच्या तासांची चुकीची मोजणी

ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते, आणि उन्हाळा आला की सुट्टी लागली असे समजून विद्यार्थी पूर्णवेळ कामाला लागतात. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ते खरे आहे. एका वर्षाच्या मास्टर्समध्ये उन्हाळा हा प्रबंधाचा काळ असतो आणि तो सत्रातच मोजला जातो, त्यामुळे २० तासांची मर्यादा तेव्हाही लागू राहते. स्वतंत्र व्यवसाय किंवा फ्रीलान्स काम तर या व्हिसावर मुळीच चालत नाही, मग ते घरबसल्या दुसऱ्या देशातील ग्राहकासाठी का असेना.

ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, पण पंधरवडा कोणत्याही सोमवारपासून मोजला जातो. पहिल्या आठवड्यात १५, दुसऱ्यात ३० आणि तिसऱ्यात ३० तास काम केले, तर पहिल्या दोन आठवड्यांचे ४५ नियमात बसतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्याचे मिळून ६० तास मात्र नियमभंग ठरतात. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४ तास, आणि जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस, अशी मर्यादा आहे. पगारपत्रकांवर विसंबून न राहता स्वतःची तासांची वही ठेवावी.

प्रबंधाची सुरुवात उशिरा करणे

प्रबंधाचे मार्गदर्शक एकाच वेळी अनेक विद्यार्थी सांभाळतात आणि उन्हाळ्यात रजेवरही जातात. विषय ठरवायला एप्रिल उजाडला तर मार्गदर्शक मिळेलही, पण मनाजोगता मिळण्याची शक्यता कमी. यात एक चूक अशी आहे की जिला दुरुस्ती नाही: माणसांच्या मुलाखती किंवा सर्वेक्षण असलेल्या संशोधनाला विद्यापीठाच्या नीतिसमितीची मान्यता आधी घ्यावी लागते, आणि मान्यतेपूर्वी गोळा केलेली माहिती प्रबंधात वापरता येत नाही. समितीचा निर्णय यायला काही आठवडे लागतात. वेळ निसटून गेला असेल, तर मार्गदर्शकाशी बोलून उपलब्ध सार्वजनिक आकडेवारीवर किंवा प्रकाशित साहित्यावर आधारलेला आराखडा करावा. त्याने प्रबंध कमी दर्जाचा होत नाही, फक्त प्रश्न नव्याने मांडावा लागतो.

पदवी हातात येण्याआधीच्या तारखा

प्रबंध सादर करून महिनाभर विसावा घेण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि नेमक्या त्याच महिन्यात कामाच्या परवानगीच्या तारखा असतात. अमेरिकेत ओपीटीचा, म्हणजे पदवीनंतरच्या कामाच्या परवानगीचा, अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत तो इमिग्रेशन खात्याकडे पोहोचावा लागतो. शिफारस लवकर घेऊन अर्ज लांबवणाऱ्यांचे अर्ज नाकारले जातात. अभ्यासक्रम चालू असताना सीपीटीवर, म्हणजे अभ्यासाचाच भाग म्हणून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, बारा महिने पूर्णवेळ काम केलेल्याला त्या पातळीवर ओपीटी मिळतच नाही.

ब्रिटनचा पदवीनंतर कामासाठीचा ग्रॅज्युएट व्हिसा त्या देशात राहूनच, विद्यार्थी व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी आणि विद्यापीठाने अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे कळवल्यानंतर मागावा लागतो. निकाल लागेपर्यंत घरी जाऊन येऊ म्हणून निघालेला विद्यार्थी परतण्याआधी व्हिसा संपला, तर हा मार्ग कायमचा बंद होतो. हा व्हिसा दोन वर्षांचा असला तरी १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सच्या पदवीधरांना तो अठरा महिन्यांचाच मिळणार आहे. जर्मनीत नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांचा परवाना मिळतो आणि त्याचाही अर्ज चालू परवाना संपण्याआधी करायचा असतो.

कॅनडात पीजीडब्ल्यूपीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या कामाच्या परवान्यासाठी, अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे कळल्यापासून १८० दिवस मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून त्यासाठी भाषेची परीक्षाही लागते आणि तिचे गुण दोन वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत, त्यामुळे प्रवेशासाठी दिलेली परीक्षा तोपर्यंत बाद झालेली असू शकते. शिवाय प्रवेशासाठी दिलेली आयईएल्टीएस बहुधा ॲकॅडमिक प्रकारची असते आणि इथे जनरल ट्रेनिंग प्रकारची लागते. शेवटच्या सत्रातच परीक्षेचा दिवस ठरवून टाकावा. फेब्रुवारी २०२४ पासून दोन वर्षांहून लहान मास्टर्सलाही तीन वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो, मात्र पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर परवानाही पासपोर्टाच्या तारखेलाच संपतो. अशा वेळी नवा पासपोर्ट काढून उरलेल्या मुदतीसाठी वाढीचा अर्ज करता येतो, आणि तो जुना परवाना चालू असतानाच करावा.